‘लोभ’ शब्दाचें दुहेरी चरित्र

जॉर्ज एलियट या पुरुषी टोपणनांवानें लिहिणाऱ्या इंग्रज विदुषीची ‘सायलस मार्नर’ ही लहानशी कादंबरी १८६१ सालीं प्रसिद्ध झाली. आपल्याकडील इंग्रजीच्या विद्यार्थ्यांस ती चांगली परिचित आहे, आणि प्रस्तुत लेखकानेंही भंडाऱ्याच्या एका महाविद्यालयांत ती अनेक वर्षें शिकविली आहे. कथानक थोडक्यांत असें: जिवलग मित्राच्या कपटामुळें चोरीचा खोटा आळ येऊन देशोधडीस लागलेला सायलस नांवाचा विणकर रॅव्हलो या खेड्यांत येऊन राहतो. देवावरचा आणि माणसावरचा त्याचा विश्वास पार उडालेला असतो. पंधरा वर्षें तो दिवसा माग चालवितो आणि रात्रीं दारें लावून जमलेल्या मोहोरा मोजीत बसतो. एके रात्रीं त्या मोहोरा चोरीस जातात. पुढें नववर्षाच्या आदल्या रात्रीं बर्फांत मरून पडलेल्या एका स्त्रीचें लहान मूल दुडदुडत त्याच्या उघड्या दारांतून आंत येतें आणि शेकोटीपुढें निजतें. अधू दृष्टीच्या सायलसला तेथें कांहींतरी सोनेरी चमकतांना दिसतें. आपलें सोनें परत आलें अशा समजुतीनें तो हात पुढें करतो, तों हाताला कठीण नाणीं न लागतां मऊ, ऊबदार, कुरळे केंस लागतात.

हा प्रसंग वाचून झाल्यावर, सायलसच्या ठिकाणीं आतां कोणता पालट झाला, असें मीं वर्गास विचारलें. मोहाडीकडची एक मुलगी, इंग्रजी बोलावयास नेहमी संकोचणारी, मराठींतच म्हणाली, “सर, पालट कांहींच नाहीं झाला. त्याचा लोभ पैशावर होता, तो पोरीवर जडला.” वर्ग हंसला. मींही तिला शिक्षकी थाटानें समजावून दिलें कीं, पहिला तो लोभ आणि दुसरें तें प्रेम. दोन भिन्न मनोविकारांस एका नांवानें संबोधणें शास्त्रशुद्ध नव्हे. मुलगी खालीं बसली. त्या दिवशीं घरीं परततांना मात्र मला वाटूं लागलें कीं, चूक तिची नव्हती, माझी होती. तो संशय पुढें वाढतच गेला, आणि आज तो वाचकांपुढें मांडावा असें ठरविलें आहे.

प्रथम इंग्रजीकडे पाहूं. कारण माझी शिकवण तेथलीच होती. ज्यास आपण लोभ म्हणतों त्यास इंग्रजींत मुख्यतः तीन शब्द: ‘ॲव्हरिस’, ‘कव्हेटसनेस’ आणि ‘ग्रीड’. यांपैकीं पहिले दोन लॅटिन घराण्यांतले असून फ्रेंचांच्या मार्गानें इंग्लंडांत आले. ‘ॲव्हरिस’चें मूळ ‘उत्कट इच्छा करणें’ या अर्थाच्या लॅटिन क्रियापदांत आहे. सुमारें १३०० सालाच्या आसपास हा शब्द इंग्रजींत रुळला आणि त्यानें ‘यीत्सुंग’ या जुन्या देशी शब्दाची जागा बळकाविली. ‘ग्रीड’ची हकीकत आणखी मौजेची आहे. ‘ग्रीडी’ हें विशेषण फार प्राचीन, आणि त्याचा मूळ रोख पैशाकडे नसून पोटाकडे. आपल्या ‘हावरा’ आणि ‘अधाशी’ या शब्दांसारखाच. परंतु त्याचें नाम कित्येक शतकें नव्हतेंच. तें सुमारें १६०० च्या सुमारास विशेषणापासून उलट पावलीं बनविण्यांत आलें. म्हणजे बाप मुलाच्या मागाहून जन्मला! एका काळीं स्कीटसारखे भाषापंडित या ‘ग्रीडी’ची सांगड संस्कृत ‘गृध्’ धातूशीं घालीत असत. आतां तें नातें सर्वमान्य राहिलेलें नाहीं. तरी आपल्या बाजूची गोष्ट खरीच आहे कीं, या धातूपासून ‘गृध्र’ म्हणजे हावरा पक्षी आणि त्यापासून आपलें ‘गिधाड’ निपजलें. ईशोपनिषदाच्या पहिल्याच मंत्रांत दुसऱ्याच्या धनाविषयीं जो निषेध आहे, तो याच धातूनें केलेला आहे. गुरांना देण्यांत येणाऱ्या एका वेदनाशामक औषधानें गिधाडांचा देशभर संहार झाला आणि २००६ सालीं तें औषध जनावरांसाठीं बंद करावें लागलें. पक्षी दिसेनासा झाला, शिवी मात्र उरली आहे.

ख्रिस्ती धर्मशास्त्रानें ‘ॲव्हरिस’ची गणना सात महापातकांत केली. डांटेनें नरकाच्या चौथ्या वर्तुळांत कृपण आणि उधळे या दोघांना एकत्रच टाकून त्यांच्याकडून परस्परांवर अवजड धोंडे ढकलविले. संत पौलानें तिमथ्याला लिहिलेल्या पत्रांत सर्व अनर्थांचें मूळ म्हणून ज्याचा उल्लेख आहे, तो मूळ ग्रीक शब्द ‘फिलार्ग्युरिया’, अक्षरशः ‘रौप्यप्रेम’. १६११ च्या इंग्रजी भाषांतरकारांनीं तेथें ‘पैशाचें प्रेम’ अशा अर्थाचे शब्द घातले, आणि आज प्रचलित असलेल्या मराठी पवित्र शास्त्रांत त्याच जागीं ‘द्रव्याचा लोभ’ आला. ही जोडी वाचकांनीं ध्यानांत ठेवावी; पुढें तिच्याशीं काम आहे.

पुढें व्यापाराचें युग आलें आणि या पातकाचें नशीब उघडलें. व्यक्तीच्या दुर्गुणांतून समाजाचें कल्याण होतें, असें मँडेव्हिलनें १७१४ मध्यें आपल्या ‘मधमाश्यांच्या कथें’त उघडउघड प्रतिपादिलें. १७७६ सालीं ॲडम स्मिथनें तोच मुद्दा सभ्य भाषेंत मांडला. धनेच्छेनें आपलें जुनें बदनाम नांव टाकून ‘इंटरेस्ट’ हें प्रतिष्ठित नांव कसें धारण केलें, याचा इतिहास आल्बर्ट हिर्शमन या अर्थशास्त्रज्ञानें १९७७ सालच्या एका छोटेखानी ग्रंथांत फार मार्मिकपणें सांगितला आहे. या ‘इंटरेस्ट’चा एक अर्थ हित आणि दुसरा व्याज, हें आमच्या सावकारांस ऐकून आनंद होईल! सतराव्या-अठराव्या शतकांत असें वेषांतर झाल्यावर ‘ॲव्हरिस’ हा शब्द प्रवचनांपुरता आणि पुस्तकांपुरता उरला. रोजच्या वापरांत ‘ग्रीड’ राहिला. आणि ‘वॉल स्ट्रीट’ नांवाच्या १९८७ सालच्या अमेरिकन बोलपटांत एका पात्रानें भर सभेंत त्याचीही थोरवी गाइली. सारांश, इंग्रजांनीं लोभाला एक तर नरकांत धाडलें, नाहीं तर पेढीवर बसविलें. घरांत मात्र कधीं घेतलें नाहीं.

आतां लोभी माणसाच्या नांवाकडे वळूं. ‘मायझर’ हा इंग्रजी शब्द मूळ लॅटिन, आणि त्याचा तेथला अर्थ ‘दीन, दुःखी, बापडा’ एवढाच. सोळाव्या शतकांत तो इंग्रजींत आला तेव्हां हाच अर्थ बरोबर घेऊन आला. शेक्सपियरच्या ‘सहावा हेन्री’ नाटकाच्या पहिल्या भागांत जोन ही आपल्या धनगर बापाला ‘मायझर’ म्हणते, तेव्हां त्या दरिद्री म्हाताऱ्यावर कंजूषपणाचा आरोप ती करीत नाहीं. ‘करंटा’ एवढेंच तिला म्हणावयाचें आहे. पैसा असून हालांत राहणारा तो खरा करंटा, या विचारानें पुढें शब्दाचा अर्थ आकुंचित झाला.

नेमका हाच प्रवास आमच्या ‘कृपण’ शब्दानें कित्येक शतकें आधीं केलेला आहे. ‘कृप्’ म्हणजे शोक करणें, कींव येणें. त्यापासून ‘कृपा’ म्हणजे कींव, आणि ‘कृपण’ म्हणजे जो कींव करण्याजोगा तो. बृहदारण्यकांत याज्ञवल्क्य गार्गीला सांगतो कीं, अक्षरतत्त्व जाणल्यावांचून जो या लोकांतून जातो तो कृपण. तेथें पैशाची गोष्टच नाहीं. गीतेच्या दुसऱ्या अध्यायांत अर्जुन स्वतःच्या मनःस्थितीला ‘कार्पण्य’ म्हणतो, तेंही दैन्याच्याच अर्थानें. आणि त्याच अध्यायांत फळावर डोळा ठेवणाऱ्यांस कृपण म्हटलें आहे, तेथें शब्द दोन अर्थांच्या उंबरठ्यावर उभा असलेला दिसतो. लॅटिन आणि संस्कृत या दोन भाषांनीं एकमेकींस न विचारतां चिक्कू माणसाकडे पाहून प्रथम ‘बिचारा’ असेंच म्हणावें, ही गोष्ट मला मोठी हृदयंगम वाटते.

अमरकोशांत या माणसाला आणखीही नांवें आहेत: कदर्य, किंपचान, मितंपच. मितंपच म्हणजे मापून शिजविणारा. धान पिकविणाऱ्या आमच्या जिल्ह्यांतील गृहिणीला हा शब्द ऐकवला तर ती विचारील, “मापून नाहीं तर काय आंधळ्यानें शिजवायचें?” कोशकारांच्या स्वयंपाकघरांत बहुधा पाहुण्यांची वर्दळ फार असावी. ‘कदर्य’ शब्दाला मराठींत अमर केलें तें एकनाथांनीं. भागवताच्या एकादश स्कंधांतील अवंतीच्या धनाढ्य, पण पोटच्या मुलांसही उपाशी ठेवणाऱ्या ब्राह्मणाचें आख्यान त्यांनीं आपल्या १५७३ सालीं काशीस पूर्ण झालेल्या ग्रंथांत मोठ्या विस्तारानें रंगविलें आहे. त्या ब्राह्मणाचें धन जातें आणि त्याला वैराग्य येतें. सायलसचें धन जातें आणि त्याला मूल येतें. दोन संस्कृतींच्या कथाकारांतील हा फरक टीकाकाराला पुष्कळ शिकवण्यासारखा आहे. तूर्त इतकेंच म्हणतों कीं, अवंतीच्या ब्राह्मणाला घरीं परत येण्याची वाट कोणी दाखविली नाहीं.

मोल्येरचें १६६८ चें सुप्रसिद्ध प्रहसन घ्या. त्याचें मूळ फ्रेंच नांव ‘लाव्हार’, म्हणजे इच्छेनें पेटलेला. ‘ॲव्हरिस’चाच तो सख्खा भाऊ. फील्डिंगनें १७३३ सालीं तें इंग्रजी रंगभूमीवर आणलें तेव्हां नांव ठेविलें ‘द मायझर’, म्हणजे बापडा. आचार्य अत्र्यांनीं त्याचें मराठी रूपांतर केलें आणि नांव दिलें ‘कवडीचुंबक’. फ्रेंच नांवांत आग आहे, इंग्रजी नांवांत कींव आहे, मराठी नांवांत चेष्टा आहे: कवडीला मुके घेणारा! प्रहसनाला तिन्हींपैकीं अत्र्यांचें नांव अधिक शोभतें असें माझें स्पष्ट मत आहे. आणि या नांवांत आणखीही एक बारीक गोष्ट दडलेली आहे. मुका घेणें ही प्रेमाची क्रिया आहे. ज्या कोणा अज्ञात मराठी माणसानें हा शब्द प्रथम घडविला, त्याला चेष्टेच्या भरांत का होईना, कंजूष माणसाचें अंतरंग कळलेलें होतें.

येथून आपण मुख्य शब्दाकडे येतों. संस्कृत ‘लुभ्’ धातूचा जुना अर्थ ‘भांबावणें, वाट चुकणें’ असा आहे, आणि मग ‘अतिशय इच्छा करणें’. त्यापासून ‘लोभ’ निघाला आणि षड्रिपूंत जाऊन बसला. गीतेनें त्याला काम आणि क्रोध यांच्या जोडीला नरकाचें द्वार ठरविलें. त्यापासूनच ‘लुब्धक’ म्हणजे पारधी. आकाशांतील व्याधाच्या ताऱ्याला हेंही एक नांव आहे. परंतु याच धातूचीं भावंडें युरोपांत निराळ्या संस्कारांत वाढलीं. लॅटिनमध्यें तें वासनावाचक झालें. जर्मनमध्यें ‘लीब’, रशियनमध्यें ‘ल्युबोव्ह’, आणि इंग्रजींत, वाचकांस आश्चर्य वाटेल, ‘लव्ह’. इंग्रजीच्या प्राध्यापकानें ‘हा लोभ आणि तें लव्ह, दोन भिन्न गोष्टी’ असें एका मुलीला ऐकवावें, आणि ते दोन शब्द एकाच आजीचीं नातवंडें निघावीं! मघांच्या बायबलांतील जोडीकडे आतां पुन्हां पाहावें. इंग्रज भाषांतरकाराचें ‘पैशाचें लव्ह’ आणि मराठी भाषांतरकाराचा ‘द्रव्याचा लोभ’, हीं व्युत्पत्तीच्या दृष्टीनें जवळजवळ एकच पदें आहेत.

यावरून कोणी असें समजूं नये कीं, मराठी ‘लोभा’ला प्रेमाचा अर्थ त्या आदिम काळापासून वारशानें आला. संस्कृतांत तो नव्हता. आणि आमच्या शेजारच्या हिंदींत आजही लोभ म्हणजे लोभच. बालाघाटकडचे माझे एक हिंदीभाषी स्नेही नव्यानें भंडाऱ्यास आले असतां त्यांच्या हातीं एक मराठी लग्नपत्रिका पडली. शेवटची ओळ वाचून त्यांनीं मला गंभीरपणें विचारलें, “हे लोक अहेराबद्दल इतकें उघड लिहितात?” तेव्हां हा अर्थ मराठीची स्वतःची कमाई आहे. जें वैभव घराण्यानें गमाविलें होतें, तें या मुलीनें आपल्या कर्तबगारीनें पुन्हां मिळविलें, असें म्हणावें लागेल.

ही कमाई जुनी आहे. पेशवाईंतील पत्रव्यवहार चाळणाऱ्या कोणाही अभ्यासकाला ‘बहुत काय लिहिणें, लोभ असो दीजे’ हा समारोप शेंकडों वेळां भेटतो. राजवाड्यांनीं १८९८ पासून छापलेल्या ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या खंडांतून कर्जाचीं पत्रें आहेत, तहाचीं आहेत, तगाद्याचीं आहेत, आणि त्यांच्या शेवटीं पुन्हां पुन्हां हाच शब्द येतो. मोल्सवर्थसाहेबांच्या कोशाच्या १८५७ सालच्या आवृत्तींतही लोभाचे दोन्ही अर्थ शेजारींशेजारीं नोंदलेले आहेत. परक्या माणसाच्या कानालाही ते दोन्ही ऐकूं आले होते. व्यापाऱ्याच्या वहीवर ‘शुभ लाभ’ आणि गृहस्थाच्या पत्रांत ‘लोभ’: एका मात्रेच्या फरकांत महाराष्ट्राचा सगळा संसार सामावला होता. वडीलधाऱ्यांस लिहितांना त्यांत भर पडे ती ‘कृपालोभ असावा’ अशी. या जोडशब्दाकडे वाचकांनीं क्षणभर पाहावें. ‘कृपा’ ही कृपणाच्या धातूपासून निघाली आणि ‘लोभ’ तर साक्षात् लोभ. जगाच्या कोशांत जीं दोन नांवें अवगुणाच्या रकान्यांत पडलीं, त्यांच्याच गोतांतले दोन शब्द निवडून आमच्या पूर्वजांनीं आपल्या सौजन्याचें वाक्य बनविलें.

आणि लोभ एकटाच नाहीं. ‘ममता’ म्हणजे ‘हें माझें’ असा अभिमान. वेदांत्यांच्या मतें बंधनाचें मूळ. मराठींत ममता आईची असते. ‘माया’ म्हणजे भ्रम; मराठींत लेंकरावर माया करतात, कोणी नोकरींत राहून बरीच माया जमवितो, आणि शिंपी शिवणींत दोन बोटें माया ठेवतो, पुढें कपडा उसवून मोठा करतां यावा म्हणून. (आमच्या रानांतील ‘मोह’ वृक्षालाही कोणी या मालिकेंत बसवूं पाहील, परंतु त्याचें नांव ‘मधूक’ शब्दापासून आलेलें आहे. त्याच्या फुलांचा मोहाशीं जो संबंध आहे, तो व्याकरणाच्या कक्षेबाहेरचा!) संन्याशाच्या शब्दकोशांतील एकेक निषिद्ध शब्द उचलून गृहस्थानें आपल्या देवघराशेजारीं मांडला आहे. यांस कोणी अपभ्रंश म्हणतात, कोणी अर्थाचा ऱ्हास म्हणतात. मी यांस गृहस्थाश्रमानें वैराग्याला दिलेलें शांत उत्तर समजतों. जवळ ठेवण्याची, धरून राहण्याची इच्छा वाईट असेल. पण तिच्यावांचून मूल वाढत नाहीं, हें मराठी बाईला शास्त्रीबोवांपेक्षां अधिक ठाऊक होतें.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो बळकट आहे. पत्राच्या शेवटचा ‘लोभ असावा’ ही केवळ रूढि आहे. इंग्रज ‘आपला आज्ञाधारक सेवक’ लिहून आज्ञा कधीं पाळीत नसे, त्यांतलाच प्रकार. निष्प्राण शब्दावर एवढा इमला कशाला? याचें उत्तर देतांना घरची एक गोष्ट सांगावी लागत आहे, त्याबद्दल वाचकांनीं क्षमा करावी.

माझे वडील नोकरीनिमित्त भंडाऱ्यास राहत आणि थोरले काका पवनीकडच्या आमच्या मूळ गांवीं शेती पाहत. माझ्या लहानपणीं वांटणीचा प्रश्न निघाला. बोडीच्या पाण्याखालच्या चार बांध्या होत्या. त्या सर्व आपल्याच वांट्यास याव्यात, कारण आजोबांचें कर्ज आपण फेडलें, असें काकांचें म्हणणें होतें. वडिलांना तें मान्य नव्हतें. सहा वर्षें आंतर्देशीय पत्रें जात-येत राहिलीं. काकांचें अक्षर वळणदार होतें. धानाचा हिशेब, बैलांची किंमत, आजीच्या औषधांचा खर्च, टोमणे, उणींदुणीं, सर्व कांहीं त्यांत असे, आणि शेवटीं न चुकतां ‘लोभ असावा ही विनंति’. आई तें वाचून म्हणे, “लोभ तर आहेच, अजून किती असावा?” आम्ही मुलें हंसत असूं. वडील कधीं हंसले नाहींत. त्यांच्या मागें तो गठ्ठा माझ्याकडे आला, आणि मीं तो तारीखवार लावून वाचला. बत्तीस पत्रांपैकीं एका पत्रांत ती ओळ नाहीं. पत्र दोन्ही अंगांनीं कोरें सोडलेलें, मजकूर चार ओळींचा, खालीं नुसती सही. त्या घडीच्या कडा इतर पत्रांपेक्षां अधिक झिजलेल्या आहेत. तें पुन्हां पुन्हां उघडलें गेलें असलें पाहिजे. त्यानंतर दोन वर्षें आमचें गांवीं जाणें-येणें बंद होतें, हें मला आठवतें. कारण त्या वेळीं कोणी सांगितलें नव्हतें.

जो शब्द निष्प्राण असतो, तो गाळल्यानें कोणाचें कांहीं अडत नाहीं. माझ्या वडिलांना एकतीस पत्रांतला हिशेब सोसला आणि बत्तिसाव्या पत्रांतली गाळलेली ओळ सोसली नाहीं. काका बांध्यांचा लोभ धरून होते आणि धाकट्या भावाचाही. दोन्ही एकाच हातानें, एकाच शाईनें. पुढें दोन बांध्या इकडे, दोन तिकडे अशी वांटणी झाली, आणि बोडी सामाईक राहिली.

हें ध्यानांत घेऊन पुन्हां एलियटच्या कादंबरीकडे वळलें म्हणजे तिच्यावरील एका नेहमीच्या आक्षेपाचा निकाल लागतो. सायलसचें परिवर्तन ही परीकथा आहे, सोनें गेलें आणि मूल आलें हा लेखिकेनें घडवून आणलेला योगायोग आहे, असें म्हटलें जातें. परंतु लेखिकेनें बाळ येण्यापूर्वींच्या पंधरा वर्षांत काय काय पेरून ठेविलें आहे, तें पाहावें. सायलसजवळ विहिरीवरून पाणी आणण्याचें एक तपकिरी मातीचें भांडें असतें. बारा वर्षांच्या सोबतीनंतर तें एके दिवशीं फुटतें; तेव्हां तो त्याचे तुकडे जुळवून, आठवण म्हणून, जुन्या जागींच ठेवून देतो. ज्याला केवळ पैशाची हाव आहे, त्यानें खापरें फेकून दिलीं असतीं. मोहोरांनीं काय विकत घेतां येईल, हा विचार त्याच्या मनाला शिवत नाहीं. तो त्यांच्यावरून हात फिरवितो, त्यांचीं तोंडें ओळखतो, आणि मागावर अर्धवट असलेल्या कापडाच्या ज्या मोहोरा अजून यावयाच्या आहेत, त्यांच्याविषयीं तो जन्मास न आलेल्या लेंकरांविषयीं वाटावें तसा जिव्हाळा बाळगतो. ही उपमा लेखिकेची आहे, माझी नव्हे. मूल कादंबरींत येण्याआधीं मुलाची उपमा येऊन गेली आहे! मीं हें पुस्तक इतकीं वर्षें शिकविलें आणि ही उपमा केवळ अलंकार म्हणून पुढें ढकलीत आलों.

याच्या उलट मोल्येरचा आर्पागों. त्याची पेटी चोरीस जाते तेव्हां तो आकांत करतो, आणि शेवटीं दोन्ही मुलांच्या लग्नांची गांठ पडत असतां, त्या गडबडींत त्याचें सगळें लक्ष परत मिळणाऱ्या पेटीकडे. बाल्झाकचा ग्रांदे तर मरणसमयीं धर्मगुरूच्या हातांतील सोनेरी क्रूस पाहून तो हिसकावण्यास झेप घेतो. या दोघांना मुली आहेत, घर आहे, आणि तरी त्यांची इच्छा वस्तूवरून हलत नाहीं. ही ‘ॲव्हरिस’, मराठींत तिला हाव म्हणावें, धनतृष्णा म्हणावें, लोभ म्हणूं नये. लोभाला वस्तु बदलतां येते. हावेला येत नाहीं. सायलस आणि आर्पागों या दोघांस इंग्रजी समीक्षक एकाच ‘मायझर’ वर्गांत घालतात, कारण त्यांच्याजवळ शब्द एकच आहे. येथें दारिद्र्य असलेंच तर तें त्यांच्याकडे आहे. भाषांतरकारांनीं आणि कोशकारांनीं ‘ॲव्हरिस’पुढें डोळे मिटून ‘लोभ’ हा शब्द लिहावयाचें आतां थांबवावें, एवढी माझी त्यांना सूचना आहे.

सायलसच्या मोहोरा अखेर सांपडतात, हें वाचकांस आठवत असेल. सोळा वर्षांनीं गांवाजवळची दगडाची खाण कोरडी पडते आणि तळाशीं चोराचा सांगाडा व त्याशेजारीं त्या पिशव्या दिसतात. उन्हाळ्यांत बोड्या आटलेल्या पाहणाऱ्या आमच्या मुलांना हा प्रसंग समजावून सांगावा लागत नाहीं. मोहोरा परत आल्या त्या रात्रीं सायलस त्या टेबलावर मांडतो, पण त्याचा हात मुलीच्या हातांत असतो.

मराठींत हा दुसरा अर्थ अजून किती दिवस टिकेल, याचा मला भरंवसा नाहीं. वर्तमानपत्रांतून ‘लोभापायीं’ अमुक घडलें एवढेंच वाचावयास मिळतें. ‘लोभस’ हें विशेषण तान्ह्या मुलांच्या छायाचित्रांखालीं उरलें आहे. पत्रें संपलीं, दूरध्वनीवरील दोन ओळींच्या निरोपांत समारोपाला जागा नसते, आणि लग्नपत्रिकांतूनही ‘आपली उपस्थिति प्रार्थनीय’ येऊन ती जुनी ओळ मागें सरकूं लागली आहे.

गेल्या वर्षीं लाखांदूरकडच्या एका विद्यार्थ्यानें शुल्कमाफीसाठीं अर्ज केला. घरची परिस्थिति, धानाचें झालेलें नुकसान, वडिलांचें आजारपण, सगळें व्यवस्थित लिहून खालीं त्यानें ‘लोभ असावा ही विनंति’ असें लिहिलें होतें. आजोबांनीं सांगितलें असावें. कार्यालयांतील तरुण लेखनिकानें त्या ओळीखालीं तांबडी रेघ ओढली आणि अर्ज माझ्याकडे आणून विचारलें, “सर, हें खोडून ‘कळावें’ करायला सांगूं का? वर जायचा आहे अर्ज.”

मीं म्हटलें, “असूं द्या.”